आईची फटफटी आणि एकवीस पायऱ्या

आधीच सांगून टाकते, मी चिडकी आहे. मी दातांची डॉक्टर. तीस वर्षं लोकांच्या उघड्या तोंडांत डोकावून काम केलंय, आणि समोरच्याला उलट बोलता येत नाही अशा वेळीच बोलायची मला सवय लागली आहे. त्यामुळे ज्यांची तोंडं मोकळी असतात त्यांच्याशी माझं फारसं जमत नाही. दादाशी तर नाहीच. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चौतीस वर्षं बस चालवून तो निवृत्त झाला, आणि एवढी वर्षं इंजिनाच्या शेजारी बसल्यामुळे आपल्याला इंजिनातलं सगळं कळतं असा त्याचा ठाम समज आहे. अशा आम्ही दोघांनी मिळून आईची फटफटी पुन्हा उभी केली. त्यात आमची जी फजिती झाली ती कोणी नुसती आठवण करून दिली तरी दादा अजून लाल होतो.

आई नर्स होती, बाळंतपणं करणारी. वेळी-अवेळी निरोप यायचा, आणि ती पिशवी खांद्याला अडकवून फटफटीला किक मारायची. गल्लीभर निळा धूर सोडून ती गेली की तासा-दोन तासांत कुठेतरी एक माणूस वाढलेला असायचा. गावातल्या निम्म्या लोकांना या जगात आल्यावर पहिला फटका माझ्या आईने मारला आहे, आणि ते सगळे मोठे होऊन माझ्याकडे दात दाखवायला येतात.

हीच आई एक दिवस आमच्या जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, आत रॉड बसला, हाड नीट जुळलंही. डॉक्टर म्हणाले, आता पळा. घरात ती पळायचीच. स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढायची, मी ओरडले की माझ्याच अंगावर खेकसायची. पण जिन्याच्या तोंडाशी आली, खाली पाहिलं, की संपलं. गुडघे ताठ व्हायचे, कपाळावर घाम यायचा आणि ती कठड्याला धरून नुसती उभी राहायची.

"पाय माझे नाहीत गं," म्हणायची, आणि आत जायची.

जिना बाहेरच्या बाजूचा, उघडा, एकवीस पायऱ्यांचा. लिफ्ट नाही. आम्ही सगळं करून पाहिलं. दोघांनी दोन्हीकडून धरलं, डोळे मिटून पाहिलं, मोजत पाहिलं. व्यायाम शिकवणारी बाई तीनदा येऊन हात टेकून गेली. खुर्चीत बसवून खाली नेतो म्हटलं तर म्हणाली, "मला चार जणांनी उचलायचं ते एकदाच. त्या दिवशी मी तक्रार करणार नाही, आज करतेय."

मग एक दिवस तिने आपल्या जुडग्यातली घराची किल्ली सोडवली आणि माझ्या हातावर ठेवली. "बाहेरून दार उघडायची वेळ आता माझ्यावर कशाला येतेय?" असं अगदी साधेपणाने म्हणाली. तिच्यासमोर मी हसले. नंतर बाथरूममध्ये नळ सोडून ढसाढसा रडले. जी बाई या गावातल्या प्रत्येक बोळात जाऊन आली होती, ती चार खोल्यांत स्वतःला गुंडाळून ठेवत होती, आणि तेही आमच्यावर काही ओझं नको म्हणून हसत हसत.

दादाला मी किल्ली दाखवली. तो तडक वर गेला आणि आईच्या मागे लागला. चल, आत्ताच्या आत्ता चल. एरवी माझ्यासारखी चिडणारी आई त्या दिवशी नुसती कंटाळली. म्हणाली, "माझी गाडी दारात येऊन फटफटली ना, की येईन खाली. आता जा."

म्हणजे कधीच नाही, असं तिला म्हणायचं होतं. पण आमच्या घरात बोललेलं खरं धरायची वाईट खोड आहे. दादा खाली आला तो शेडची किल्ली शोधतच.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फटफटी सव्वीस वर्षं पडून होती. पडून होती म्हणजे काय, तिला आम्हीच थोडीथोडी खाल्ली होती. सीट मी माझ्या पहिल्या दवाखान्यात स्टूल म्हणून नेलं होतं. कार्ब्युरेटर दादाने कोणाला तरी फवारणीच्या पंपासाठी देऊन टाकला होता, आणि कोणाला ते तो अजून आठवत बसलाय. हेडलाइटच्या वाटीत आईनेच कोरफड लावली होती. पुढचं चाक कुठे गेलं याचा पत्ता नव्हता. उरला होता सांगाडा, टाकी, मागचं चाक आणि इंजिनाचा एक गंजलेला गोळा, ज्यात उंदरांनी तीन पिढ्या संसार केला होता.

"होईल," दादा म्हणाला.

"तुझं डोकं होईल," मी म्हणाले, आणि बाह्या सरसावल्या.

नवं काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती गाडी बनवणारा कारखानाच कधीचा बंद पडला होता. म्हणून आम्ही भंगारवाल्या मामांकडे गेलो. मामांचं अंगण म्हणजे लोखंडाचा डोंगर. त्यात काय कुठे आहे हे फक्त त्यांना ठाऊक, आणि वस्तू कोणासाठी हवी हे ऐकल्याशिवाय ते बोटही दाखवत नाहीत. आईचं नाव काढताच ते उठून उभे राहिले.

"बाईंची गाडी? अहो, मी त्यांच्याच हातचा!"

"सगळं गावच तिच्या हातचं आहे, मामा," मी म्हणाले. "पुढचं चाक आहे का?"

होतं. दुसऱ्याच जातीच्या गाडीचं, पण गोल होतं. कार्ब्युरेटर निघाला, सायलेन्सर एका मोडक्या जनरेटरचा निघाला, साखळी दोन साखळ्या जोडून झाली. पिस्टन एका वेगळ्याच गाडीचा मिळाला, तो लेथवाल्याने तासून दिला. मामांनी बदल्यात काय मागावं? अक्कलदाढ काढून द्या म्हणाले. दाढ काढताना ते गाडीविषयी सूचना देत होते आणि मला एक अक्षर कळत नव्हतं, ही माझ्या धंद्यातली मोठी सोय आहे.

मग सुरू झालं ते वेडच. सकाळी पेशंट यायच्या आधी आणि दुपारी खालचा माझा दवाखाना बंद असताना मी शेडमध्ये. कार्ब्युरेटरची केसाएवढी भोकं मी दातांच्या नळ्या साफ करायच्या सुयांनी मोकळी केली. ज्या यंत्रात मी अवजारं धुते त्यात नटबोल्ट धुतले, आणि काळ्याकुट्ट पाण्यातून ते चमकत वर आले तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. रबराची वॉशरं जबड्याचे ठसे घ्यायच्या मसाल्यात साचे करून ओतली. हँडलच्या मुठी मिळेनात, तर कवळीच्या मसाल्यातून ओतल्या. त्या निघाल्या हिरड्यांच्या रंगाच्या, गुलाबी आणि चकचकीत.

दादाने मुठीवर बोट फिरवलं. "चिमे," तो म्हणाला, "गाडी आपल्याला हसतेय असं वाटतं."

"तुला हसतेय."

हँडलला त्याने दोन आरसे बसवले, सीटला जुन्या बसचं रेक्झिन चढवलं, आणि उरलेल्या तुकड्याची टोपी शिवून घेतली ती खालच्या शिंपीकाकांकडून. शिंपीकाकांचं दुकान आमच्याच इमारतीत, जिन्याला लागून. सीटची शिवण त्यांनीच घातली. इतकी सुरेख की त्यावर बसायला लाज वाटावी. आई वरून रोज विचारायची, "काय खडखडतंय रे?" आणि आम्ही म्हणायचो, "काही नाही!" ती गालातल्या गालात हसायची, असं मला आता वाटतं. तेव्हा मी मान वर करून बघायच्या मनःस्थितीतच नव्हते.

शेवटचं काम राहिलं ठिणगीचं. ते जरा नीट सांगते, कारण आमचं माकड झालं ते तिथेच. पिस्टन वर पोचायच्या जरासं आधी ठिणगी पडायला हवी. ती कधी पडणार हे एका चकतीवर ठरतं. चकती थोडी एका बाजूला सरकवली की ठिणगी आधी, दुसऱ्या बाजूला सरकवली की नंतर. आमच्या गाडीत ही चकती एका नळीच्या आड होती. तिथे वाकून बघता येईना. मी माझा दाढा बघायचा छोटा आरसा आत घातला, आणि चकतीवरची रेघ स्वच्छ दिसली. पण त्या फटीत एका वेळी एकतर माझा आरसा जायचा, नाहीतर दादाचा हात. म्हणजे मी बघून सांगायचं, आरसा काढायचा, मग त्याने सरकवायचं.

"उजवीकडे," मी म्हणाले. "तीन मिलिमीटर."

"झालं," म्हणत दादाने बोल्ट आवळले आणि झाकणही लावून टाकलं. दादाचं झालं म्हणजे झालं. मी पुन्हा आरसा घालून बघायला हवं होतं. पण दवाखान्यात पेशंट गाल धरून बसला होता, आणि मला दादाचं एकदा तरी कौतुक करावंसं वाटत होतं.

गाडी पहिल्यांदा सुरू करायची ती दारातच, आईसमोर, असं आमचं ठरलं होतं. रविवारी सकाळी आम्ही ती ढकलत पुढे आणली. शिंपीकाका टेप गळ्यात टाकून बाहेर आले. आई गॅलरीत आली, आणि तिने गाडी पाहिली मात्र, तिचा हात तोंडावर गेला. सुरू झाली तर ही येईल का? आणि सुरू होऊनही नाही आली तर आम्ही दोघं पुढे काय करणार? दादाच्या चेहऱ्यावरही तेच लिहिलेलं होतं.

दादाने रेक्झिनची टोपी घातली, टांग मारली आणि किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. गाडी नुसती खोकली. दहा किक झाल्या, बारा झाल्या. दादा घामाघूम, मी शिव्या द्यायच्या बेतात. तेराव्या किकला त्याचा पाय अर्ध्यातच घसरला, किकने त्याला उलटा तडाखा हाणला, तो "आई गं!" म्हणून ओरडला, आणि फट, फट, फटफटफट! निळा धूर! तोच वास, तोच आवाज! मी शिंपीकाकांना मिठी मारली. मी कोणालाही मिठी मारत नाही.

दादाने ऐटीत वर पाहिलं, आईला सलाम ठोकला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. आणि गाडी मागे गेली.

म्हणजे खरंच मागे. दादा समोर बघतोय, छाती पुढे, आणि सगळा लवाजमा उलट्या दिशेने निघालेला. घाबरून त्याने मूठ पिळली, तशी गाडी आणखी जोरात मागे. कोणीही दुसरा असता तर तिथेच आडवा झाला असता. पण दादाने आयुष्यात निम्मा वेळ डेपोत बस मागे घेतलेली. त्याचे डोळे आपोआप आरशांकडे गेले, पाठ ताठ झाली, आणि तो अशा दिमाखात मागे जायला लागला की जणू कंपनीने गाडी याच कामासाठी बनवली होती.

"येऊ द्या!" शिंपीकाका त्याच्या मागे धावत ओरडले. "येऊ द्या, येऊ द्या! डावीकडून घ्या!"

"डावीकडे खांब आहे!" मी ओरडले.

"दिसतोय!" दादा ओरडला आणि त्याने, देवाशप्पथ, दुसरा गिअर टाकला. खांबाला वळसा घालून, एका सायकलवाल्याला उलट्या दिशेने मागे टाकून, गल्लीच्या तोंडाशी गर्रकन वळून तो पाठमोराच परत आला. सायकलवाला उतरून चालायलाच लागला. मी हसून हसून पायरीवर बसले. डोळ्यांत पाणी, पोटात कळ, श्वास बंद. आणि वरून एक आवाज येत होता जो मी चौदा महिने ऐकला नव्हता. आई खदाखदा हसत होती. कठड्यावरून चांगली ओणवी होऊन, खाली बघून हसत होती.

"अरे गाढवांनो!" ती ओरडली. "इंजिन उलटं फिरतंय! ठिणगी नंतर पडतेय म्हणून! चकती कुठे सरकवलीत?"

दादा दारासमोर येऊन थांबला. गाडी बंद करायची हिंमत त्याला होईना, पुन्हा सुरू झाली नाही तर? म्हणून आम्ही त्या फटफटाटातच भांडलो.

"उजवीकडे सांगितलं होतं मी!"

"आरशात उजवीकडे, म्हणजे खरं डावीकडे! म्हणून मी डावीकडे सरकवली!"

"अरे, मी आरशातलं उलटं करूनच सांगितलं होतं! तीस वर्षं आरशात बघून दाढा भरतेय मी!"

"आणि मी चौतीस वर्षं आरशात बघून बस चालवलीय! आरशात दिसतं ते मला शिकवू नकोस!"

तर असं झालं होतं. मी आरसा जमेला धरून सांगितलं, त्याने आरसा जमेला धरून पुन्हा उलटं केलं. एकानेच हुशारी केली असती तर गाडी सरळ गेली असती. दोघंही आपापल्या कामात तरबेज निघालो म्हणून ती उलटी गेली. मी त्याच्या पालथ्या घड्यासारख्या डोक्याविषयी काहीतरी फार चांगलं बोलणार होते, तेवढ्यात शिंपीकाकांनी माझा दंड धरला. त्यांनी नुसती हनुवटी जिन्याकडे केली.

जिन्यावर एक टाच दिसत होती.

आई उतरत होती. आमच्याकडे पाठ करून, तोंड वर, दोन्ही हातांनी कठडा धरून. शिडीवरून उतरतात तशी. एक पाय मागे यायचा, टाच हवेत जरा चाचपडायची, पायरी सापडली की टेकायची, मग दुसरा पाय. पांढरी वेणी पाठीवर हलत होती. अर्धा जिना तर ती आमचं भांडण चालू असतानाच उतरून आली होती.

दादा धावायला निघाला. मी त्याची कॉलर धरली. धरली ती सोडलीच नाही. आम्ही दोन्ही बाजूंनी धरून, समजावून, मोजून तिला एक पायरी उतरवू शकलो नव्हतो. आता हात लावला असता तर ती थांबली असती, हे मला इतकं स्वच्छ कळत होतं की श्वास घ्यायचीही भीती वाटत होती.

सात पायऱ्या उरल्या असताना ती थांबली. टाच हवेत फिरली, पायरी सापडेना. फटफटी फटफटत होती. आणि मग शिंपीकाका, त्यांना बिचाऱ्यांना राहवेना, हळूच म्हणाले, "येऊ द्या." मग मोठ्याने म्हणाले, "येऊ द्या, बाई. येऊ द्या!"

"येतेय," आई मान न वळवता म्हणाली. "ओरडू नका. मी काय बस आहे?"

टाच टेकली. सहा. पाच. दादा रडत होता आणि नाक त्या रेक्झिनच्या टोपीला पुसत होता. तीन. दोन. शेवटची पायरी संपली तरी ती आणखी एक पायरी शोधत राहिली, आणि सापडली ती जमीन.

मग ती वळली. चेहरा घामाने निथळत होता. "हा एवढा म्हातारा," ती दादाकडे बोट करून म्हणाली, "मागे मागे जातोय आणि वर ऐट मारतोय. म्हटलं आपणही जाऊन बघावं. उलटं उभं राहिलं ना, की समोर जिना चढतानासारखाच दिसतो गं. चढायची मला कधी भीती होती?"

मी तिला घट्ट धरलं. तिने माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि मला बाजूला केलं. दादाने डोळे पुसून गाडी तिच्यापुढे केली. सीट, टाकी, गुलाबी मुठी, सगळं दाखवायला त्याने हात पसरले.

आईने टाकीवर एकदा हात फिरवला. "छान केलीत रे," म्हणाली, आणि गाडीला वळसा घालून फाटकाकडे चालायला लागली.

"आई, अगं गाडी!"

"गाडी उद्या बघू. आधी मला कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ दे."

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. चार महिने राबलेला माणूस. पण एका क्षणात त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. त्याने घाईघाईने टांग मारली, पहिला गिअर टाकला, क्लच अर्धा धरला आणि हळूहळू, पाठमोरा, आईच्या पुढे निघाला. उलट्या जाणाऱ्या गाडीचा एक फायदा आहे, तो त्याच्या आधी माझ्या लक्षात यायला हवा होता. तो पुढे होता आणि त्याचं तोंड आईकडे होतं. पोर पहिल्यांदा चालायला लागलं की आपण त्याच्यासमोर मागे मागे सरकतो ना, तसा तो सरकत होता, आणि ती एकेक पाऊल टाकत त्याच्याकडे येत होती. मी पुढे धावत जाऊन रस्ता बघत होते, येऊ दे, येऊ दे म्हणत होते. दादाने आरशात एकदाही पाहिलं नाही. कोपऱ्यापर्यंत त्याची नजर आईच्या पावलांवर होती.